क्लासिक स्पोर्ट्स कार घेताना: भाव कसा वाचायचा, गाडी कशी पारखायची

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजाराची बातमी आपल्यापर्यंत येते ती विक्रमाच्या रूपाने. मे २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझने आपल्या संग्रहातली १९५५ ची ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ स्टुटगार्टच्या संग्रहालयात लिलावाला काढली आणि तिला १३.५ कोटी युरो आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. आकडे खरे आहेत, पण ज्याच्या हाती पन्नास-साठ हजार डॉलर किंवा पौंड आहेत त्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. तशा मर्सिडीज जगात दोनच आहेत. जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६ बनल्या, आणि त्यातल्या प्रत्येकीची मालकी, शर्यती, अपघात, दुरुस्त्या जाणकारांना तोंडपाठ आहेत. त्या वर्तुळातल्या भावांवरून एमजीबी, जॅग्वार ई-टाइप, पोर्शे ९११ किंवा डॅटसन २४०झेड यांचं भवितव्य ठरवता येत नाही.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थिरावलेले, घराचे हप्ते संपत आलेले, कॉलेजात असताना भिंतीवर लावलेल्या गाडीचं चित्र न विसरलेले अनेक मराठी वाचक विचारतात की अशी गाडी ‘गुंतवणूक’ म्हणून घ्यावी का. होय किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. बाजाराचा कल म्हणून जो आलेख दाखवला जातो तो शेकडो गाड्यांच्या सरासरीचा असतो, आणि तुम्ही घेणार असता एकच गाडी. घाई करायची की थांबायचं एवढं आलेखावरून कळतं. नफा की तोटा हे मात्र त्या एका गाडीचा पत्रा, तिचे कागद आणि ती सांभाळायला लागणारा खर्च यांवर ठरतं. म्हणून आधी बाजार समजून घेऊ आणि मग थेट गाडीच्या खाली वाकून पाहू.

भाव का चढतात, का पडतात

या बाजारात पैसे घालू पाहणाऱ्या प्रत्येकाने १९८७ ते १९९२ ही वर्षं नीट अभ्यासावीत. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि पैसे ठेवायला दुसरी जागा शोधणाऱ्यांची नजर गाड्यांकडे वळली. जपानमध्ये तेव्हा कर्ज स्वस्त होतं, तिथले खरेदीदार युरोपातून फेरारी उचलत होते. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी गेले, आणि आता अशा गाड्या पुन्हा होणार नाहीत या भावनेने भाव आणखी भडकले. १९८९ मध्ये एका २५० जीटीओचा सौदा १.३ कोटी डॉलरच्या घरात झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानचा शेअर निर्देशांक निक्केई शिखरावर पोहोचला, मग उतरणीला लागला. व्याजदर चढले. कर्ज काढून गाड्या घेतलेले सगळे एकदमच विकायला निघाले आणि घेणारा मिळेना. काही वर्षांतच जीटीओसारखी दुर्मीळ गाडीसुद्धा त्या सौद्याच्या जेमतेम पाव किमतीवर आली. ज्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं त्यांनी गाडीवर कापड टाकून दहा-पंधरा वर्षं वाट पाहिली आणि ते तरले. बाकीच्यांनी मिळेल त्या भावात गाडी सोडली.

याच काळातली जॅग्वार एक्सजे२२० ची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. ऑक्टोबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये जॅग्वारने एक नमुना मांडला: बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद. पुढच्या वर्षी उत्पादनाची घोषणा झाली. जास्तीत जास्त ३५० गाड्या, कर सोडून किंमत २ लाख ९० हजार पौंड, आणि नोंदणीसाठी ५० हजार पौंड अनामत. अर्जांचा पाऊस पडला. त्यातल्या बऱ्याच जणांना गाडी चालवायचीच नव्हती. हातात पडण्याआधीच नोंदणी नफ्यात विकायची असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्ष गाडी आली १९९२ मध्ये, सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनची, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी. करारात किंमत महागाईशी जोडलेली असल्यामुळे करांसह ती ४ लाख पौंडांच्या पार गेली होती. तोवर बाजार झोपला होता. नोंदणी केलेले लोक करारातून सुटायला धडपडू लागले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी २८० च्या आसपासच गाड्या बनल्या. गाडी वाईट मुळीच नव्हती. त्या काळातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी ती एक होती, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तिला पुन्हा मान आला. पण आज ती मूळच्या पौंडांच्या आकड्याजवळ पोहोचली तरी मधल्या तीस वर्षांच्या महागाईने त्या पैशाची निम्म्याच्या आसपास किंमत खाल्ली आहे. नवीन ‘मर्यादित आवृत्ती’ची नोंदणी करून पटकन पैसे कमवायचा विचार कुणी सुचवला की मला ही गाडी आठवते. असा सौदा करू नका, असंच मी सांगेन.

२००८ च्या मंदीनंतर व्याजदर जवळपास शून्यावर आले आणि २०१० ते २०१५ या काळात क्लासिक गाड्यांचे भाव पुन्हा झपाट्याने वर गेले. मग तीन-चार वर्षं बाजार सपाट राहिला. कोविडच्या काळात घरी बसलेल्यांनी ऑनलाइन लिलावांत बोली लावायला सुरुवात केली आणि आणखी एक उसळी आली. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या क्लासिक गाड्यांच्या आठवड्यात सगळ्या लिलावांची मिळून उलाढाल ४७ कोटी डॉलरच्या घरात गेली, तोवरची सर्वाधिक. पुढच्या ऑगस्टमध्ये ती ४० कोटींच्या आसपास उतरली. मधल्या काळात अमेरिकेतला मूळ व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांच्या वर गेला होता. बँकेत निवांत पाच टक्के मिळत असताना गॅरेजमध्ये उभ्या गाडीत पैसे अडकवायचे तर तिने त्याहून जास्त द्यायला हवं, हा हिशेब प्रत्येक खरेदीदार मनात करतो. म्हणून भावांच्या तक्त्याआधी व्याजदराची बातमी वाचायची सवय लावा.

दुसरी खूण तितकीच उपयोगाची. बाजार मंदावतो तेव्हा आधी भाव पडत नाहीत, आधी गाड्या विकल्या जात नाहीत. मालक जुन्या किमतीला चिकटून राखीव बोली ठेवतो, बोली तिथवर पोहोचत नाही, गाडी घरी परत जाते. शंभरातल्या किती गाड्या विकल्या गेल्या हे प्रमाण सलग दोन-तीन हंगाम घसरत असेल, तर भावातली घसरण पुढे काही महिन्यांत येण्याची शक्यता असते. तुम्ही घेणारे असाल तर तेव्हा थांबा. लिलावात न विकलेल्या गाडीच्या मालकाशी नंतर शांतपणे बोलणी करता येतात आणि त्यात बऱ्याचदा बरा सौदा जमतो.

कोणत्या पिढीची गाडी

माणूस पंधरा-सोळाव्या वर्षी ज्या गाडीसाठी वेडा होतो ती तो पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान घेतो, कारण तेव्हा हातात पैसा असतो. युद्धानंतरच्या एमजी टी-सिरीज किंवा पन्नासच्या दशकातल्या ऑस्टिन-हीली यांच्यावर प्रेम करणारी पिढी आता गाड्या विकते आहे, घेत नाही. त्यांच्या भावात जोर नाही तो त्यामुळे. उलट ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या, बीएमडब्ल्यूची पहिली एम३, होंडा एनएसएक्स यांच्यामागे आज कमावती पिढी उभी आहे.

अमेरिकेतल्या वाचकांनी पंचवीस वर्षांचा नियम लक्षात ठेवावा. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत न बसणारी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय तिथे सहसा रीतसर आणता येत नाही. निसान स्कायलाइन जीटी-आर कधीच अमेरिकेत विकली गेली नाही. तिची आर३२ पिढी १९८९ ची, म्हणून २०१४ मध्ये दार उघडलं. १९९९ ची आर३४ आली २०२४ मध्ये. एवढा मोठा बाजार नव्याने उघडतो तेव्हा मागणी वाढणारच. पण ही तारीख सगळ्यांनाच वर्षानुवर्षं आधी माहीत असते, त्यामुळे जपानमधले भाव तीन-चार वर्षं आधीच चढू लागतात. ज्या महिन्यात दार उघडतं त्या महिन्यात घेणाऱ्याला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पिढीच्या हिशेबाबाहेरच्याही काही गाड्या आहेत. मर्सिडीज ३०० एसएल ‘गलविंग’ (१,४०० बनल्या), लॅम्बोर्गिनी मिउरा, जॅग्वार ई-टाइप या घडणीसाठी ओळखल्या जातात आणि त्यांना प्रत्येक पिढीत गिऱ्हाईक मिळतं. आणि मग एमजीबी. १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून जास्त बनली. सुटे भाग आजही सहज मिळतात, दुरुस्ती साधी आहे, भाव ना फार चढतो ना फार पडतो. जुन्या गाडीशी पहिल्यांदाच संसार मांडणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यावर चुकायला परवडतं.

पोर्शे ९११ ची वाट वेगळी. १९६३ मध्ये पहिल्यांदा दाखवलेली ही गाडी १९९८ पर्यंत हवेवर थंड होणाऱ्या इंजिनची राहिली. त्यानंतरच्या ‘९९६’ पिढीत पाण्याने थंड होणारं इंजिन आलं आणि जुन्या भक्तांनी पाठ फिरवली. २०१० नंतर हवेच्या इंजिनच्या ९११ दुपटीहून अधिक महागल्या, तर ९९६ कितीतरी वर्षं सर्वांत स्वस्त ९११ म्हणून ओळखली जायची. तिच्या इंजिनातल्या एका मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची भीती हे त्याचं एक कारण. ते बेअरिंग बदलल्याची पावती असलेली ९९६ आणि नसलेली ९९६ या बाजारात दोन वेगळ्या गाड्या आहेत.

एकच नाव, अनेक भाव

‘ई-टाइपचा भाव काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला ती पहिल्यांदा आली, इंग्लंडमध्ये किंमत साधारण २,१०० पौंड, आणि १९७४ पर्यंत ७२ हजारांहून अधिक बनल्या. पहिल्या मालिकेत ३.८ लिटरचं इंजिन, १९६४ पासून ४.२ लिटर. दुसरी मालिका १९६८ ची, अमेरिकेच्या नियमांपायी दिवे आणि बंपर बदललेली. तिसरी १९७१ ची, बारा सिलिंडरची. त्यात उघडी, बंद आणि मागे दोन छोट्या आसनांची असे प्रकार. अगदी सुरुवातीच्या, बॉनेटची कुलुपं बाहेरून असलेल्या सपाट तळाच्या गाड्यांना सर्वांत जास्त मागणी, आणि चार आसनींना सर्वांत कमी. दोन्ही गाड्या तितक्याच सुस्थितीत असल्या तरी त्यांच्या भावात कित्येक पट अंतर पडू शकतं.

आता अशी एक ई-टाइप तुमच्यासमोर उभी आहे असं धरा. पहिली अट: ती लिफ्टवर चढवून खालून पाहायला मिळायला हवी. मालक का-कू करत असेल तर तिथूनच परत फिरा. मधला भाग पत्र्याच्या पेटीसारखा आहे, आणि पुढे इंजिन पेलणारी चौकोनी पातळ नळ्यांची चौकट त्याला बोल्टने जोडलेली असते. या नळ्या आतून गंजतात. बाहेरून रंग चकचकीत, आत पापुद्रे. सांध्यांजवळ टॉर्च धरून तडे आणि फुगवटे शोधा. तिथे वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर ते दुरुस्तीचा पुरावा समजू नका. ही चौकट ठिगळ लावून चालवायची नसते, ती बदलावी लागते, आणि तो खर्च तुमचा. मग दारांखालचे पट्टे पाहा. गाडीचं बळ त्यांच्यात आहे. ते बदलताना गाडी नीट आधारावर धरली नसेल तर मधोमध बाक येतो आणि दाराची फट वर अरुंद, खाली रुंद होते. दार दोन्ही हातांनी अलगद उघडून-मिटून बघा, ते कुठे घासतं का ते कानाने ऐका. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. शेवटी इंजिन चांगलं गरम होऊ द्या आणि ३,००० आरपीएमवर तेलाचा दाब बघा. ४० पीएसआयच्या आसपास काटा असेल तर ठीक. थंड इंजिनवर दाखवलेला दाब काहीच सांगत नाही.

मग नंबर. चेसिस नंबर पाटीवर असतो आणि पुढच्या चौकटीवरही कोरलेला असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे नंबर वेगवेगळे. जॅग्वार डेम्लर हेरिटेज ट्रस्टकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात कारखान्यातून निघताना हे चारही नंबर काय होते, रंग कोणता, आतली गादी कोणत्या रंगाची आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे सगळं येतं. ते स्वतः मागवा, मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. कोरलेल्या अंकांच्या आजूबाजूचा धातू घासलेला दिसला, अंक वेड्यावाकड्या ओळीत दिसले, तर सौदा तिथेच थांबवा. कारखान्याचंच इंजिन, कारखान्याचाच रंग असलेली गाडी आणि दुसऱ्या इंजिनवर चालणारी, मूळच्या हिरव्याची लाल केलेली गाडी यांच्या भावात मोठी तफावत पडते. विकताना ती आणखी बोचते.

कागद

१९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ शर्यतीच्या नियमांसाठी ५०० बनवायची होती, मागणी पाहून १,५८० बनल्या. मागच्या बाजूला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर ही तिची खूण. तो स्पॉयलर आणि दारावरची अक्षरं कुणीही त्याच वर्षाच्या साध्या ९११ वर लावू शकतो, आणि लोकांनी ती लावलीही आहेत. शेल्बी कोब्राचंही तसंच. खऱ्या जवळपास हजार, नकला त्याच्या कितीतरी पट. कोब्राच्या चेसिस क्रमांकांची नोंदवही शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लबने प्रसिद्ध केली आहे. फेरारी स्वतःच्या ‘क्लासिके’ विभागातून तपासणी करून लाल वही देते. पोर्शेही गाडीच्या मूळ तपशिलांचं प्रमाणपत्र देते. चालवायची मजा म्हणून नक्कल जरूर घ्या, ती नक्कल म्हणून विकली जात असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. पण खऱ्याचा भाव द्यायचा तर नंबरांनी सिद्ध झालेलं खरेपण हवं.

कागदांची ताकद किती असते ते ‘बुलिट’ चित्रपटातल्या १९६८ च्या मस्टँगमध्ये दिसलं. एका अमेरिकन कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरना घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. १९७७ मध्ये खुद्द चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीनने गाडी परत विकत मागणारं पत्र त्यांना लिहिलं. कुटुंबाने गाडी दिली नाही, पण पत्र जपून ठेवलं. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात लिलाव झाला तेव्हा गाडी पुन्हा नव्यासारखी केलेली नव्हती, पत्रा जुना, रंग उडालेला. हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०१५ ला बायों संग्रहाच्या लिलावातही हेच घडलं. मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दडलेली, एकेकाळी अलाँ देलॉं या अभिनेत्याची असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. मात्र न हाताळलेल्या गाडीचा हा मान फक्त दुर्मीळ गाडीला मिळतो. धुळीत सापडलेली एमजीबी घेतलीत तर गंज काढायचा खर्च तिच्या किमतीहून सहज मोठा होईल.

आकडा वाचताना

‘बुलिट’च्या मस्टँगचा भाव कुठे ३४ लाख, कुठे ३७ लाख ४० हजार डॉलर असा वाचायला मिळेल. दोन्ही बरोबर आहेत. पहिला हातोड्याचा, दुसरा लिलाव कंपनीचं कमिशन मिळवून खरेदीदाराने मोजलेला. विकणाऱ्याच्या हातात पहिल्याहूनही कमी पडतं, कारण बऱ्याच ठिकाणी त्याच्याकडूनही कमिशन कापलं जातं. तुलना करताना सगळे आकडे एकाच प्रकारचे घ्या. जाहिरातीत मागितलेली किंमत तर बाजारभाव म्हणून धरूच नका. गेल्या दीड वर्षातले त्याच मॉडेलचे, त्याच वर्षाच्या आसपासचे दहा-बारा निकाल वहीत उतरवा, न विकलेल्या गाड्यांच्या शेवटच्या बोलीसकट. ती बोली म्हणजे एका खऱ्या माणसाची खरी तयारी होती.

हॅगर्टीसारख्या किंमतदर्शिकेत गाडीच्या अवस्थेचे १ ते ४ असे दर्जे असतात, १ म्हणजे प्रदर्शनात ठेवण्याजोगी. विकणारा जवळजवळ प्रत्येक जण आपली गाडी २ म्हणतो, तपासल्यावर ती ३ निघते. स्वतंत्र तपासनीसाने लेखी दिल्याशिवाय ३ च्या वर पैसे मोजू नका.

आता खर्चाचं गणित. आकडे उदाहरणादाखल, प्रमाण मात्र वास्तवाला धरून. हातोड्याचा भाव ८०,००० डॉलर, त्यावर १० टक्के कमिशन, म्हणजे गाडी पडली ८८,००० ला. गॅरेजचं भाडं महिना २५०, विमा वर्षाला ६००, देखभाल वर्षाला २,५००. पाच वर्षांत हे झाले ३०,५०० डॉलर. एकूण खर्च १,१८,५००. पाच वर्षांनी गाडी १,१०,००० ला विकली गेली, त्यातून ८ टक्के कमिशन गेलं, हातात आले १,०१,२००. आलेखावर गाडीचा भाव साडेसदतीस टक्के वाढलेला दिसेल, आणि तुम्हाला १७,३०० डॉलरचा तोटा झालेला असेल. स्वतःचं गॅरेज आहे आणि बरीचशी कामं स्वतःच्या हाताने करता येतात, अशांचं गणित पार बदलतं. याच दोन गोष्टी नसतील तर ही गाडी गुंतवणूक म्हणून घेऊ नका. पाच वर्षं ती चालवण्याच्या आनंदाची किंमत म्हणून १७,००० डॉलर तुम्हाला पटत असतील तर जरूर घ्या, त्यात काहीच गैर नाही. विम्याची पॉलिसी मात्र ‘सहमत मूल्या’ची घ्या. साध्या पॉलिसीत जुनी गाडी म्हणून घसारा वजा करून हातात चिंधीएवढी रक्कम ठेवतात.

कर आणि कायदा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांचं इथे बरं आहे. खासगी गाडीच्या विक्रीवर भांडवली नफा कर लागत नाही आणि चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ता करही माफ होऊ शकतो. वर्षाला चार-पाच गाड्या घेऊन विकल्यात तर मात्र तो धंदा ठरतो. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत कर आहे, शेअर्सपेक्षा जास्त. उलट, हौसेने वापरलेल्या गाडीत तोटा झाला तर तो वजा करून मिळत नाही.

भारतात जुन्या गाड्यांची रीतसर नोंदणी २०२१ च्या नियमांनी सुरू झाली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला ती नाही. परदेशातून गाडी आणायची तर जवळपास तिच्या किमतीएवढी किंवा त्याहून मोठी रक्कम करांतच जाते, म्हणून गुंतवणूक म्हणून आयात करण्यात मला अर्थ दिसत नाही. आणायचीच असेल तर त्या वर्षीचा नियम कस्टम्सच्या कामात मुरलेल्या एजंटकडून लेखी घ्या.

आयकराच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा एक अलीकडचा निकाल महत्त्वाचा आहे. १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेतलेली १९३१ ची फोर्ड नंतर २१ लाखांना विकली गेली होती. ती वैयक्तिक वापराची वस्तू, म्हणून नफा करमुक्त, असं मालकाचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. गाडी वापरण्याजोगी असणं पुरेसं नाही, ती खरोखर स्वतःसाठी वापरली हे दाखवायला हवं, असा त्याचा आशय. तेव्हा गाडी चालवा, आणि चालवल्याच्या खुणा ठेवा: पेट्रोलच्या पावत्या, विमा, सर्व्हिसच्या नोंदी, रॅलीचं प्रवेशपत्र.

सांभाळताना आणि विकताना

उभी गाडी बिघडते. पेट्रोल शिळं होतं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. पंधरा दिवसांतून एकदा तेल पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. टायरवरच्या ‘डॉट’ कोडचे शेवटचे चार अंक बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी दहा वर्षांपुढचा टायर काढून टाका. ज्या फेरारींना टायमिंग बेल्ट आहे त्यांचा पट्टा गाडी न चालवताही ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, आणि ३४८ व एफ३५५ मध्ये त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. अशी गाडी ‘स्वस्तात’ मिळत असेल तर पट्टा शेवटचा कधी बदलला हा पहिला प्रश्न विचारा.

विकायची वेळ आली की हंगाम पाहा. युरोप-अमेरिकेत उघड्या गाडीला वसंत ऋतूत जी मागणी असते ती नोव्हेंबरात नसते. सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा, हेरिटेज प्रमाणपत्र वर. लिलाव कंपनीशी कमिशनवर बोला, ते बऱ्याचदा कमी होतं. आणि फोटो काढण्याआधी रंगाला पॉलिश मारण्यात दिवस घालवण्यापेक्षा गाडी लिफ्टवर चढवून खालच्या बाजूचे स्वच्छ फोटो काढा, सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाचा सलग व्हिडिओ घ्या, आणि माहीत असलेले दोष स्वतःच लिहून द्या. ऑनलाइन बोली लावणारा अनुभवी माणूस या तीन गोष्टी आधी मागतो, आणि त्या मिळाल्या की पुढची बोली लावायला कचरत नाही.